जरा सरका की, पावनं

कुर्डुवाडी जंक्शनला जनरल डब्यात शिरून ज्यानं पुण्यापर्यंत बूड टेकवून दाखवलंय, त्याला पडद्यावरच्या प्रोग्रॅमिंगमधला सगळ्यात किचकट धडा वेगळा शिकवावा लागत नाही. धड्याचं नाव कंटेनर. पुस्तकांत त्याच्यावर पानंच्या पानं खर्ची घातलेली असतात, आकृत्या असतात, आकृत्यांत बाण असतात. आमच्याकडं तो धडा एका वाक्यात उरकतो : "ओ पावनं, सरका की जरा."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. संगणकाच्या पडद्यावर जे जे दिसतं, म्हणजे बटण, नाव लिहायची चौकट, टिक करायचा चौकोन, यादी, त्या प्रत्येकाला विजेट म्हणतात. ही झाली प्रवासी मंडळी. त्यांना कशात तरी बसवावं लागतं. ज्यात बसवायचं तो कंटेनर, म्हणजे डबा. डबा बहुतेक वेळा दिसतसुद्धा नाही. कोण कुठं बसेल, किती जागा घेईल आणि खिडकी लहान झाली की कुणी किती अंग चोरायचं, एवढंच तो ठरवतो. मी इथं कुर्डुवाडीत बसून आडते, दुकानदार आणि सोसायट्यांसाठी असले पडदे जुळवतो. शेजारी विचारतात, "दिवसभर कंप्युटरवर करता तरी काय?" मी म्हणतो, "डबे जोडतो." तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. रेल्वेच्या गावात डबे जोडणाऱ्याला कुणी जास्त प्रश्न विचारत नाही.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी या कामाचा श्रीगणेशा व्हिज्युअल बेसिकवर केला. 1998 सालची सहावी आवृत्ती. तिच्यात जनरल डबा नव्हता, सगळं रिझर्वेशन होतं. बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं, आणि डावीकडून इतकं, वरून इतकं असं त्याचं आसन कायमचं पक्कं. मोजमाप ट्विपमध्ये, एका इंचाला 1440 ट्विप. म्हणजे प्रवाशाला केसाच्या अंतरानं मोजून बसवायचं, आणि मग शेजारची बाकं रिकामी असली तरी त्यानं हलायचं नाही की शेजारी उभ्या म्हातारीला जागा द्यायची नाही.

पडदे 800 बाय 600 चे होते तोवर हे खपून गेलं. मोठे पडदे आले तेव्हा तोच फॉर्म कोपऱ्यात अंग आखडून बसला आणि बाकीचा पडदा ओसाड. पण खरी फजिती मराठीनं केली. फॉर्म आधी इंग्रजीत आखायचा आणि 'नेम'ला दिलेल्या जागेत नंतर 'सभासदाचे संपूर्ण नाव' कोंबायचं, ही तेव्हाची रीत. मावेल तेवढं दिसायचं, उरलेलं चौकटीच्या कडेला गडप. एका सोसायटीत 'कर्जमाफी' या रकान्यातली 'माफी' अशीच कापली गेली होती. पडद्यावर राहिलं नुसतं 'कर्ज'. सभासदांची त्याबद्दल तक्रार नव्हती, त्यांच्या मते पडदा बरोबरच दाखवत होता. तिथंच 'मयत सभासदाचे वारस' ही पाटी 'मयत सभास'पाशी संपायची आणि तिच्यापुढं समोर बसलेल्या धडधाकट माणसाचं नाव उमटायचं. वारसनोंद करायला आलेला पोरगा स्वतःलाच मयत झालेला बघून क्लार्कला म्हणाला, "साहेब, चहा पिऊन जाऊ का तसाच जाऊ आता?" क्लार्कनं त्याला चहा पाजला, पाटी मात्र तशीच राहिली. गावांच्या नावांचं निराळंच. चौकटीची उंची इंग्रजी अक्षराएवढी, त्यामुळं खालचे उकार छाटले जायचे आणि पंचक्रोशीतली सगळी 'बुद्रुक' गावं 'बद्रक' होऊन बसायची.

यावर उतारा कॅलिफोर्नियातून आला. 1996 च्या आसपास बर्कलीतल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंप हा चित्रांवर काम करायचा प्रोग्रॅम लिहिला. त्यासाठी आधी मोटिफ नावाचं विकतचं टूलकिट घेतलं होतं, ते काही मनास येईना. मग घरचंच केलं. त्याचं नाव जीटीके, गिंपचं टूलकिट. मूळ प्रोग्रॅम बिचारा आपल्या जागी राहिला आणि त्याच्यासाठी बनवलेलं सामान जगभर फिरलं. लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप त्याच्यावर उभा आहे. मोजून जागा देणारा डबा जीटीकेतही आहे, 'फिक्स्ड' नावाचा. पण त्याच्या माहितीतच बजावून ठेवलंय की बहुतेक कामांसाठी हा वापरू नका : फाँट बदलला, भाषा बदलली की मजकूर कापला जाईल. आपल्याच दुकानात असली पाटी लावायला छाती लागते.

बाकीचे डबे मात्र जनरलचे. त्यांचा कारभार असा चालतो. आधी डबा प्रत्येक प्रवाशाला विचारतो, तुला किती जागा लागेल? 2011 साली जीटीकेची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून प्रवासी दोन आकडे सांगतो. एक किमान, म्हणजे बूड टेकण्यापुरती. दुसरा नैसर्गिक, म्हणजे मांडी घालून, डबा उघडून, भाकरी-शेंगाचटणी खाता येईल एवढी. डबा हे सगळे आकडे गोळा करतो आणि बेरीज आपल्याहून मोठ्या डब्याला कळवतो, तो त्याच्या वरच्याला, असं करत करत मागणी थेट विंडोपर्यंत जाते. मग विंडोकडं जेवढी जागा असेल तेवढी खाली वाटत आणतात. मागणी खालून वर, मंजुरी वरून खाली. उजनी धरणाच्या पाण्याच्या पाळ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना ही पद्धत नवी नाही. फरक इतकाच की इथं निदान किमान मागणी तरी पुरी होते, कारण सगळ्यांच्या किमान बेरजेपेक्षा विंडो लहान करताच येत नाही.

या देवघेवीत एक बारकावा आहे, त्याला रुंदीनुसार उंची म्हणतात. लांब मजकुराला आडवी जागा कमी मिळाली की तो दोन ओळींत मोडतो आणि उंच होतो. सहाजणांच्या बाकावर सातवा आला की आधीचा एकजण पाय वर घेऊन उकिडवा बसतो, तेच हे. आडवं गेलं ते उभं भरून काढायचं. जीटीकेच्या लोकांना हे जमायला तिसरी आवृत्ती उजाडली.

आता बॉक्स. सगळ्यात साधा डबा हाच, आडवा नाही तर उभा, प्रवासी एकापुढं एक. पण त्यात प्रवाशाला बसवताना जुन्या आवृत्त्यांत दोन गोष्टी सांगाव्या लागायच्या : एक्स्पांड आणि फिल. उरलेल्या जागेत याचा वाटा आहे का, आणि वाटा मिळाला तर हा त्यात पसरणार का. नवशिके या दोन शब्दांपाशी हटकून अडतात. जनरल डब्यात बघा, लगेच उलगडतं. एक असतो तो वाटाही घेतो आणि पसरतोही. पाय समोरच्या बाकावर, हात शेजाऱ्याच्या खांद्यामागं. हा एक्स्पांड खरं, फिल खरं. एकजण वाटा घेत नाही, पसरतही नाही, दारापाशी पिशवीवर बसून येतो. हा बहुधा रेल्वेचाच नोकरदार असतो, त्याच्याकडं पास असतो. तिसरी जात फार इरसाल. एक्स्पांड खरं, फिल खोटं. माणूस सडपातळ, बसणार वीतभर जागेत, पण डावीकडं पिशवी, उजवीकडं रुमाल, आणि विचारलं की "माणूस येणार हाय". जागा वापरायची नाही आणि सोडायचीही नाही. पडद्यावर मधोमध लटकलेलं आणि चहूबाजूंनी मोकळं असलेलं बटण दिसलं की मला हा गृहस्थ आठवतो.

बॉक्सला एक कळ आहे, होमोजीनियस. ती दाबली की सगळ्यांना सारखी जागा. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण माप कुणाचं धरायचं? सगळ्यात जाड प्रवाशाचं. एका ओळीत 'हो', 'नाही' आणि 'मागील वर्षाची थकबाकी दाखवा' अशी तीन बटणं असली, तर 'हो'लाही थकबाकीएवढी रुंदी मिळते. समानतेच्या नावाखाली गाडी लांबते.

विंडोचा कडकपणा वेगळाच. तिच्यात फक्त एक मूल बसतं. नवीन पोरगं हौसेनं आधी बटण घालतं, मग पाटी घालायला जातं, आणि पडद्यामागं इशारा उमटतो की इथं एका वेळी एकच विजेट मावतं आणि आत आधीच कुणीतरी बसलंय. विंडोत आधी एक बॉक्स बसवायचा आणि बाकीची वरात त्या बॉक्समध्ये, हे कळायला वेळ लागतो. 2020 च्या डिसेंबरात चौथी आवृत्ती आली, तिच्यात हा इशाराही गेला. दुसऱ्याला बसवलं की पहिला गुपचूप बाहेर. पूर्वी निदान भांडण व्हायचं.

टीके नावाचं दुसरं एक टूलकिट आहे. तेही बर्कलीचंच, जॉन आउस्टरहाउट यांचं. पायथन शिकणाऱ्या पुष्कळ पोरांच्या वाट्याला ते येतं. त्यात जागावाटपाच्या दोन पद्धती प्रसिद्ध : पॅक, म्हणजे आला तसा बसवत जा, आणि ग्रिड, म्हणजे ओळ आणि रकाना बघून बसव. एका डब्यात दोन्ही वापरू नयेत. जुन्या काळी कुणी वापरल्याच, तर विंडो उघडायचीच नाही. पॅक येऊन प्रवाशांना आपल्या हिशोबानं बसवायचा, त्यामुळं डब्याचं माप बदलायचं, माप बदललं म्हणून ग्रिड उठून सगळ्यांना परत आपल्या हिशोबानं बसवायचा, की पुन्हा माप बदललं, पुन्हा पॅक हजर. हे असं अखंड. प्रवासी उठतायत, बसतायत, गाडी फलाटावरच. एका डब्यावर दोन टीसींची ड्युटी लावल्यासारखा प्रकार. आता टीके सुधारलं, दुसरा टीसी दारातच दिसला की त्याला परत पाठवतं. उठबस थांबली, इतकं तरी झालं.

या सगळ्याचं मूळ बर्कलीला नाही, कुर्डुवाडीला आहे, असा माझा दावा आहे आणि तो मी पुराव्यानिशी करतो. 1897 साली इथून बार्शीपर्यंत छोटी गाडी सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. रूळ अडीच फुटी. पुढं ती 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. हे सगळं ज्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालं तो एव्हरर्ड कॅलथ्रॉप. (याच गृहस्थानं पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायची छत्रीही बनवली. आमच्या गाडीचा त्याच्याशी संबंध जोडू नये.) कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की हलक्या रुळावर जड माल न्यायचा तर कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि डब्यांचा खालचा पोलादी सांगाडा एकाच मापाचा, 25 फुटी हवा. त्यावर वर काय चढवायचं ते चढवा, माल भरा नाही तर माणसं बसवा. सांगाड्याला त्याचं सोयरसुतक नाही.

जीटीकेत हेच चाललं. कंटेनर नावाचा एक पायाभूत सांगाडा, आणि त्याच्यावर चढवलेले बॉक्स, ग्रिड, नोटबुक, फ्रेम. बटणसुद्धा तिसऱ्या आवृत्तीपर्यंत डबाच होता. त्याच्या पोटात पाटी बसायची किंवा चित्र. सगळ्यांचा खालचा पोलाद एक. कॅलथ्रॉपनं पेटंटाचे कागद नीट भरले असते तर आज बार्शीला रॉयल्टी येत असती.

याच माणसानं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या गाडीसाठी आणखी एक युक्ती केली. ती 1904 साली सुरू झाली. मोठ्या रुळावरचा मालडबा जसाच्या तसा छोट्या रुळाच्या गाड्यावर चढवून न्यायचा, माल हलवायलाच नको. डब्यात डबा. आमच्या धंद्यात नवशिका नेमकं हेच करतो. बॉक्समध्ये बॉक्स, त्यात फ्रेम, त्यात बॉक्स, आणि सगळ्यात आत एकटं 'जतन करा'. कुर्डुवाडीच्या नशिबी मात्र ती युक्ती आली नाही. रूळ बदलला की पोतं खाली, हमालाच्या पाठीवर, आणि पलीकडच्या डब्यात. पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली त्याच्यावर.

पुढचा योगायोग मला लबाडीचा वाटतो. सरकारनं 1954 मध्ये ही रेल्वे ताब्यात घेतली. चालू शतक उजाडल्यावर एकेका टप्प्यात अडीच फुटी रूळ उखडून मोठे घातले आणि छोटी गाडी संपली. आणि जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीत कंटेनर हे पदच रद्द केलं! आता कुठलंही विजेट पोटात मुलं घेऊ शकतं, जागावाटपाला स्वतंत्र लेआउट मॅनेजर नेमता येतो, आणि 'पॅक स्टार्ट'च्या ऐवजी सरळ 'अपेंड'. प्रवासी तेवढेच, गर्दी तेवढीच, फक्त जुन्या फर्मानांवर चालणारे सगळे प्रोग्रॅम नव्यानं लिहा. पंढरपूरच्या एकादशीला जागा मिळत नाही ती नाहीच.

माझ्या रोजच्या कामात डब्यांची परीक्षा आडत्याच्या पट्टीवर होते. पट्टीचा पडदा असा : शेतकऱ्याचं नाव, गाव, नग, वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, भाडं, आधीची उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम. हे सगळं ग्रिडमध्ये. डावीकडं पाट्या, उजवीकडं चौकटी. नावाच्या चौकटीला पसरायची मुभा, वजनाच्या चौकटीला नाही. वजन कधी सहा आकड्यांपलीकडं जात नाही, नाव मात्र 'पाटील'पाशी कधीच थांबत नाही. निव्वळ रकमेच्या चौकटीला दोन रकान्यांची रुंदी द्यायची. जनरल डब्यात आडवा झोपलेला तो हाच. दोन-तीन जागा अडवतो आणि कुणी उठवत नाही.

एका आडत्यांनी मला सुचवलं, "एकूण रक्कम ठळक करा. वजावट जरा बारीक ठिवा, खाली ठिवा." मी वरचा भाग आणि वजावटीचा भाग यांच्यामध्ये पेन्ड टाकलं. दोन बाजूंच्या मध्ये एक दांडा असतो, तो माउसनं सरकवला की एकाची जागा वाढते आणि दुसऱ्याची घटते. दोन प्रवाशांच्या मध्ये ठेवलेली बॅग, जिला दोघंही कोपरानं ढकलत असतात. आडते खूश झाले, दांडा पार तळाला नेऊन हमाली, तोलाई, उचल सगळं गायब करायचा त्यांचा बेत होता. पण त्या दांड्याला श्रिंक नावाची एक कळ आहे. ती बंद ठेवली की कुठलीही बाजू तिच्या किमान मापाच्या खाली दाबता येत नाही. मी ती बंद ठेवली. दांडा येतो, वजावटीच्या डोक्याशी येऊन थांबतो. काउंटरवर वाकून बघणाऱ्या शेतकऱ्याला चारही आकडे दिसतात. आडत्यांना सांगितलं, "सॉफ्टवेअरची मर्यादा आहे." तांत्रिक दृष्ट्या ते खरंच आहे.

हल्ली वेगळीच खोड लागलीय. मोकळी जागा ठेवायची. मोबाइलवर ते शोभतं म्हणून डेस्कटॉपवरही अख्ख्या पडद्यावर एक बटण, भोवती पांढरं मैदान, आणि दुसरी चौकट बघायला खाली सरकत जा. हे फर्स्ट एसीचं सौंदर्य झालं. आमच्या आडत्यांच्या दिवाणजींना मालाच्या गाड्या लागल्या की तासात ढीगभर पट्ट्या काढायच्या असतात. त्यांना सगळं एका नजरेत हवं, चौकट चौकटीला खेटून हवी, आणि टॅब दाबला की कर्सर पुढच्याच चौकटीत जायला हवा. मोकळी जागा म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेलं तिकीट. सरकत्या खिडकीचा, स्क्रोल्ड विंडोचा, उपयोग मी फक्त यादीसाठी करतो. ज्याला मांडणीचा विचार करायचा कंटाळा येतो तो सगळा फॉर्म तिच्यात टाकून मोकळा होतो. म्हणजे प्रवाशांना फलाटभर उभं करायचं आणि एका खिडकीतून एकेकाचं तोंड बघत बसायचं.

सोलापूर जिल्ह्यात किंवा कुठंही मराठी पडदे जुळवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती. फॉर्म आधी मराठीत आखा, इंग्रजी मागाहून आपोआप मावते. चाचणीसाठी 'अ ब क' टाइप करू नका, 'मु. पो.'पासून तालुका-जिल्ह्यापर्यंतचा पूर्ण पत्ता आणि एखादं 'बुद्रुक' टाका. विंडो दोन्ही अंगांनी दाबून बघा, गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या जुन्या पडद्यावर बघा. आणि दिवाणजींना विचारल्याशिवाय एक बोटभरही जागा मोकळी सोडू नका.